बटणांच्या डब्यातलं हॅस्केल

बार्लो फ्लॅटच्या नाणे मंडळाकडे खोट्या नाण्यांचा एक फळा होता. आगीच्या बंबाच्या शेडवर माडी होती, तिथे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मंडळ भरायचं. फळ्यावर हिरवं बनातीचं कापड ताणून बसवलेलं, आणि त्याच्यावर तारेच्या आकड्यांत एकेक खोटं नाणं अडकवलेलं. प्रत्येकावर छिन्नीचा घाव. रिवाज असा होता की नाणं खोटं ठरलं, की ते ज्याचं असेल त्यानेच सगळ्यांदेखत त्याच्यावर छिन्नी ठेवायची आणि हातोडी मारायची. पुन्हा ते कुणाच्या गळ्यात मारता येऊ नये, म्हणून.

फळ्याच्या मधोमध दहा डॉलरचं एक फिकट पिवळं नाणं होतं. घाव गरुडाच्या मानेवरून थेट कडेपर्यंत गेलेला. मंडळात कुणी नवा आला की ऑर्विल पेनबर्थी ते नाणं आकड्यातून सोडवायचा, त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "नीट बघ. खोटं किती खरं दिसतं, ते यावरून शीक. हे माझं आहे. मी फसलो होतो."

हे सांगताना त्याला लाज वाटत नसे. फसलेल्या माणसाने आपली फसगत उघड सांगितली की तिचा डंख जातो, असं त्याला लायल स्टोडार्डने शिकवलं होतं. ऑर्विलला नाण्यांतलं जे काही येत होतं, ते सगळं लायलनेच शिकवलेलं.

ऑर्विल पाटकरी होता. त्याचा पणजोबा कॉर्नवॉलहून इथल्या सोन्याच्या खाणीत आला, आजोबा खाणीत उतरले, बाप खाणीच्या धुळीने छाती भरून बेचाळिसाव्या वर्षी गेला. आईने ऑर्विलला सांगितलं, "काहीही कर, पण उजेडात कर." तो पाणी कंपनीत लागला. सोनं धुवायला म्हणून शंभर वर्षांपूर्वी डोंगराच्या कडेकडेने जे पाट खणले होते, त्यांचंच पाणी आता पेअरच्या आणि सफरचंदाच्या बागांना जायचं. खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या काठाने चालायचं, पालापाचोळा काढायचा, घुशींनी केलेली भोकं बुजवायची आणि ज्याच्या वाटणीचं जेवढं पाणी असेल तेवढी झडप उघडायची. त्याने उघडलेल्या झडपेवरून कधी कुणाचं भांडण झालं नाही. पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द गावात सरकारी मोजमापाच्या वरचा मानला जाई.

शरद ऋतूत पाट कोरडा करून साफ करायचे, तेव्हा गाळात कायकाय सापडायचं. कुदळीची पाती, पट्ट्याचे आकडे, औषधाच्या बाटल्या. एका वर्षी एक झिजलेलं नाणं सापडलं, म्हणून तो ते घेऊन लायलच्या औषधांच्या दुकानात गेला. लायल वयाने त्याच्याहून सातआठ वर्षांनी मोठा. उंच, पांढरा कोट, संगमरवरी काउंटर, आणि खिशात कायम भिंग. त्याने नाणं कडेला धरून पाहिलं आणि म्हणाला, "नाण्याला नाही, नाणं धरायच्या पद्धतीला पाच पैकी शून्य. बोटं पुसून परत ये."

ऑर्विल बोटं पुसून परत गेला. तीस वर्षं जात राहिला.

"तू त्या लायलला माझ्यापेक्षा जास्त वेळा बघतोस," त्याची बायको इर्मा म्हणायची.

"तो नाणी दाखवतो."

"मग मीही उद्यापासून दाखवते. किराण्याला दिलेली."

ऑर्विलचा सगळा जीव एकाच टाकसाळीत अडकलेला होता. सोन्याची झुंबड उडाली तेव्हा सरकारी टाकसाळ खंडाच्या पलीकडल्या टोकाला. इथे व्यवहार चालायचा सोन्याच्या चिमटीभर भुकटीवर, आणि दुकानदार जाड अंगठ्याचाच माणूस नोकरीला ठेवायचे, म्हणजे चिमूट मोठी येते. मग ज्याच्याकडे भट्टी आणि दाबयंत्र, तो आपल्या नावाची सोन्याची नाणी पाडू लागला. बार्लो फ्लॅटमध्ये हॅस्केल आणि क्रू या दोघांनी घोड्यांच्या तबेल्यामागे एक हिवाळाभर नाणी पाडली. वसंतात बोभाटा झाला की वजन कमी आहे. कुणी घेईना. लोकांनी ती आटवली, आणि हॅस्केल, क्रू दोघंही रातोरात गाव सोडून गेले. त्या टाकसाळीचं एकच नाणं जगात उरलं होतं. ते लायल स्टोडार्डकडे होतं. त्याच्या बापाने ते एका कर्जबाजारी गिऱ्हाइकाकडून औषधाच्या बिलापोटी घेतलेलं.

ऑर्विलकडे त्या टाकसाळीचं बाकी सगळं होतं. तबेल्याच्या पायाची वीट होती, हॅस्केलच्या नावाची जाहिरात होती, एक मोडका तराजू होता, वितळवायच्या मुशीचा तुकडा होता. नाणं नव्हतं. वर्षातून एकदा, मंडळाच्या जेवणाला, लायल बँकेतून आपलं हॅस्केल आणायचा आणि काचेच्या डबीत घालून टेबलभर फिरवायचा. डबी ऑर्विलच्या हातात यायची तेव्हा गप्पा थांबायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं. लायल हसून म्हणायचा, "श्वास सोड, ऑर्व्ह. काच धुरकटते."

१९७१ सालच्या मार्चमध्ये ऑर्विल डेलफिना रिगेतीच्या मळ्यावर पाणी सोडायला गेला. डेलफिना विधवा, सत्तरीची, तिच्या सासरची माणसं स्वित्झर्लंडच्या इटालियन मुलखातून आलेली. दर आठवड्याला झडप उघडून झाली की ती त्याला स्वयंपाकघरात बोलवायची आणि कॉफीत थोडी घरची दारू घालून द्यायची.

"कोट काढ," ती म्हणाली.

"का?"

"मधलं बटण गेलंय. तुझ्या बायकोला दिसत नाही का?"

"तिला दिसतं. ती म्हणते, लायलला सांग."

डेलफिना हसली. तिने फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. बटणांच्या ढिगातून एक चकती घरंगळत बशीला अडली. ऑर्विलने तिच्याकडे पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. आधी हातरुमालाने बोटं पुसली, मग ती कडेला धरून उचलली.

"ते होय," डेलफिना म्हणाली. "माझ्या सासऱ्यांच्या वडिलांचं. खेचरं हाकायचे. एक अख्खा हिवाळा बर्फातून पीठ वाहिलं, त्याची ही मजुरी. दुकानदार घेईना, दुसरा दुकानदार घेईना. शेवटी बायकोच्या डब्यात टाकलं, म्हणाले, निदान बटण म्हणून तरी चालेल. तेव्हापासून आहे तिथेच."

"हे कुणाला दाखवलंत?"

"बटण कुणाला दाखवायचं?"

ऑर्विलने तिला सगळं सांगितलं. एक शब्द झाकला नाही. हे खरं असेल तर जगातलं दुसरं आहे, आणि खरं ठरलं तर त्याची किंमत तीन माणसांकडून काढून घेऊ, मग मी घर गहाण टाकून ती देईन. डेलफिनाने त्याच्या कोटाला बटण लावलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "आधी खरं आहे का ते बघ. घर मग गहाण टाक."

नाणं मिळाल्यावर घरी बसून भिंगाखाली ते रात्रंदिवस बघणं, हे दुसऱ्या कुणीही केलं असतं. ऑर्विलने नाही केलं. लायलने त्याला पहिल्याच वर्षी एक नियम शिकवला होता: जे नाणं तुला सगळ्यांत जास्त हवं आहे, त्याच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस. हव्यास झालेला डोळा आंधळ्याहून वाईट. ते दुसऱ्याच्या हाती दे. सगळं मंडळ हा नियम पाळायचं. ऑर्विल मळ्यावरून सरळ औषधांच्या दुकानात गेला.

लायलने दुकानाचं दार आतून लावलं. त्याने भिंग काढलं. पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, कड पाहिली. मग भिंग खाली ठेवून त्याने नाक चिमटीत धरलं, चष्म्याने दुखतं तसं.

"ऑर्व्ह, बस."

"उभा आहे तोच बरा आहे. बोल."

"नाण्यावरच्या स्त्रीच्या कपाळावरच्या चांदणीशेजारी बघ. टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा आहे. दिसला?"

"दिसला."

"माझ्या नाण्याला तो आहे. पन्नास साली माझ्याच हातून ते या संगमरवरावर पडलं, तेव्हाचा. आता तू मला सांग, माझ्या हातून पडलेला खड्डा तुझ्या नाण्याला कुठून आला?"

लायलचं नाणं ऑर्विलने वर्षातून एकदाच, तेही डबीच्या काचेआडून आणि भिंगाशिवाय पाहिलेलं; एवढासा खड्डा त्यात असला-नसला तरी दिसला नसता. पण प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत होतं. खरं नाणं ठशाखाली दाबून निघतं. ओतीव नाणं दुसऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेलं असतं, आणि साचा सगळं उचलतो, मूळ नाण्याला लागलेला मारसुद्धा.

"तू ते शिकागोच्या प्रदर्शनाला पाठवलं होतंस," तो म्हणाला.

"बावन्न साली. कुणीतरी तिथे साचा घेतला असणार. सोनं खरं आहे, तेही त्यांनी इथलंच वापरलंय. सुंदर काम आहे रे. मीसुद्धा क्षणभर..." लायलने मान हलवली.

"पण ते तिच्या डब्यात तिच्या आजेसासऱ्यांपासून आहे."

"असं ती म्हणते. तिचा नवरा रेनोच्या जुगारखान्यांत पत्ते खेळायला जायचा, माहीत आहे ना? तिथे काय जिंकला, काय हरला आणि घरी येऊन बायकोला काय सांगितलं, देवाला ठाऊक. म्हातारी खोटं बोलत नाहीये. तिला जे सांगितलं ते ती सांगते."

एका बाजूला डेलफिना रिगेतीचा शब्द होता, दुसऱ्या बाजूला लायल स्टोडार्डचा. लायलचं नाणं बँकेत होतं. 'आण, दोन्ही शेजारी ठेवून बघू' असं म्हणणं म्हणजे लायलला तोंडावर खोटं पाडणं. मंडळात असं कुणी म्हणत नसे. ऑर्विलही म्हणाला नाही.

पुढच्या दुसऱ्या मंगळवारी त्याने माडीवर सगळ्यांदेखत नाण्यावर छिन्नी ठेवली. हातोडी लायलने त्याच्या हातात दिली. ऑर्विलने एकच घाव घातला. सोनं मऊ असतं, आवाजसुद्धा धड झाला नाही. लायलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे करायला छाती लागते. पोरांनो, शिका याच्याकडून."

दुसऱ्या दिवशी तो डेलफिनाकडे गेला. नाणं बावन्न सालानंतर ओतलेलं, खोटं ठरल्याचं सांगून सोन्याच्या वजनाचे पैसे तो देत होता. तिने हात झटकला.

"म्हणजे माझा नवरा खोटं बोलला?"

"असं कुणी म्हणत नाही, मिसेस रिगेती. त्यांनाही कुणी फसवलं असेल."

"रेनोत?"

ऑर्विलने पैसे परत खिशात ठेवले.

"तुझ्या फळ्याला लाव ते," ती म्हणाली. "आणि झडप जरा नीट बंद करत जा. काल रात्रभर गळत होती."

झडप गळत नव्हती. तो पुढेही दर आठवड्याला जायचा, पण कॉफीला तिने पुन्हा बोलावलं नाही. पाच वर्षांनी ती गेली.

लायलने त्या वर्षापासून मंडळाच्या जेवणाला आपलं हॅस्केल आणणं बंद केलं. विम्यावाले परवानगी देत नाहीत, म्हणाला. ऑर्विलला मनातून वाटायचं, हा आपल्यासाठी आणत नाही. जखमेवर मीठ नको म्हणून. एकदा तो इर्माला तसं म्हणालाही. इर्मा भांडी विसळत होती. "लायल आणि दुसऱ्याचा विचार?" ती म्हणाली. "मग कॅलेंडरवर खूण करून ठेवू या."

१९८५ च्या उन्हाळ्यात लायलने दुकान विकलं. बायको वारली होती, मुलगी ॲरिझोनात होती, तिच्याकडे जायचं ठरलं. नाण्यांचा संग्रह सॅन फ्रान्सिस्कोत लिलावाला काढला. लिलाववाल्यांनी जाड गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग छापला आणि मंडळाच्या सगळ्या सभासदांना पाठवला. मुखपृष्ठावर लायलचं हॅस्केल, ताटाएवढं मोठं करून. खाली ओळ: 'जगात ज्ञात असलेलं एकमेव'.

ऑर्विल स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पाहत होता. स्त्रीचं डोकं, केसांवर पट्टी, भोवती चांदण्या. कपाळावरची चांदणी बटणाएवढी दिसत होती. तिच्याशेजारी काही नव्हतं. कागदाचा दोष असेल म्हणून त्याने पान उजेडात तिरकं धरलं. मग भिंग आणलं. चांदणीशेजारचं सोनं साफ होतं, सपाट, काचेसारखं. खड्डा नव्हता. कधीच नव्हता.

"काय झालं?" इर्माने विचारलं.

"लायलच्या नाण्याला खड्डा नाही."

इर्माला त्या खड्ड्याची गोष्ट पाठ होती. मंडळात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऑर्विलने ती सांगितली होती, आणि निम्म्या वेळा ती तिथे केक कापत उभी असायची. तिने हात पुसले. नेहमीसारखा टोमणा मारला नाही. ते ऑर्विलला जास्त लागलं.

तो आधी माडीवर गेला, फळ्यावरून आपलं नाणं सोडवलं, मग लायलकडे. घरात खोकी भरून ठेवलेली, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. लायलने दार उघडलं. ऑर्विलच्या एका हातात कॅटलॉग होता, दुसरा खिशात. लायल काय समजायचं ते समजला.

"खुर्च्या गेल्या," तो म्हणाला. "खोक्यावर बस."

"उभा आहे तोच बरा आहे."

"तेव्हाही हेच म्हणाला होतास."

"आठवतंय म्हणजे."

लायल खोक्यावर बसला. हात गुडघ्यांवर ठेवून त्याने काही वेळ जमिनीकडे पाहिलं. माफी मागेल असं ऑर्विलला क्षणभर वाटलं.

"छिन्नी माझ्या हातात नव्हती, ऑर्व्ह."

"हातोडी तू दिलीस."

"मला वाटलं, तू म्हणशील तुझं आण, शेजारी ठेव. एकदा जरी म्हणाला असतास तर मी हसून सोडून दिलं असतं. मी वाट बघत होतो. सगळा महिना वाट बघत होतो, घाव पडेपर्यंत."

"म्हणजे चूक माझी."

"मी असं कुठे म्हटलं?" लायलचा आवाज चढला. "या राज्यात औषधं विकणारे किती आहेत? दगड मारला तर एकाला लागेल. पण हॅस्केलवाला एक होता. न्यूयॉर्कहून माणसं यायची माझ्या दुकानात. खोकल्याच्या गोळ्या घ्यायला नाही यायची. आणि तू एक दिवस खिशातून काढून ठेवतोस, बटणांच्या डब्यातून! म्हणजे मग काय उरलं? दोन होतात. दोनाची तीन व्हायला किती वेळ?"

"मी तुला सगळ्यांत आधी दाखवलं. घरीसुद्धा नेलं नव्हतं."

"तेच तर," लायल म्हणाला. "घरी नेलं असतंस तर तुला कळलं असतं."

ऑर्विल दाराकडे वळला. लायल मागून म्हणाला, "लिलावापर्यंत थांब. एवढंच मागतो. त्यानंतर फळ्यावर माझं नाव लिही, काय वाटेल ते कर. मला मुलीच्या घरी हात हलवत जायचं नाही."

ऑर्विलने बाहेर पडून दार ओढून घेतलं.

लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला ठेवतात. ऑर्विल लग्नातला सूट घालून बसने सॅन फ्रान्सिस्कोला गेला. टेबलापलीकडे मिस कॉर्बेट नावाची तज्ज्ञ बाई होती, कॅटलॉग तिनेच लिहिलेला. त्याने लायलचं हॅस्केल मागितलं, ते मखमलीवर आलं, आणि त्याने खिशातून आपलं काढून शेजारी ठेवलं. चौदा वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं, ते करायला एवढाच वेळ लागला.

बाईने आधी घाव पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिने भिंग लावलं. गरुडाच्या पंखाखाली दोन्ही नाण्यांवर केसाएवढी उठलेली रेघ होती. लायलच्या नाण्यावर ती पंखापाशी संपत होती. ऑर्विलच्या नाण्यावर कडेपर्यंत पोचली होती.

"ठशाला तडा गेला होता," ती म्हणाली. "नाणी पाडता पाडता तो वाढत गेला. तुमचं नंतरचं आहे. साचा घेऊन ओतलं असतं तर मूळ नाण्यावर जेवढी रेघ, तेवढीच आली असती. जास्त कुठून येणार?" तिने मान वर केली. "हे खरं आहे, सर. घाव कुणी घातला?"

"मी."

"का?"

"मित्राने सांगितलं, खोटं आहे."

तिने पुढे विचारलं नाही. त्या व्यवसायात वीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणता मित्र हे विचारावं लागत नाही. ती फक्त म्हणाली, "तुम्हाला कल्पना नसेल. मोठे संग्राहक मिस्टर स्टोडार्डच्या नाण्याला हात लावायला तयार नव्हते. एकटं नाणं, जोडीला काही नाही; कुणीतरी मागाहून हौसेने पाडलं असेल, असं म्हणायचे. म्हणून आम्ही अंदाज इतका खाली ठेवला. तुमच्या नाण्याने त्याच्यावरचा संशय गेला."

दुसऱ्या दिवशी लिलाव पुकारणाऱ्याने कॅटलॉगमधली ओळ दुरुस्त करून वाचली: ज्ञात असलेल्या दोनांपैकी चांगलं, दुसरं खंडित. सभागृहात कुजबुज झाली आणि हात वर जायला लागले. लायलचं हॅस्केल अंदाजाच्या चौपट गेलं.

लायल बाहेरच्या व्हरांड्यात ऑर्विलला गाठायला आला. चेहरा लाल, टाय सैल. आनंदात तो जुन्या सवयीने त्याचा दंड धरून म्हणाला, "बरं झालं, तू माझं ऐकलं नाहीस."

ऑर्विलने दंड सोडवून घेतला. "लायल, तेव्हाच दोन्ही शेजारी ठेवली असतीस, तर तुझं तेव्हाच खरं ठरलं असतं. माझंही राहिलं असतं."

लायल हसत होता. हसू लगेच गेलं नाही, ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून आधी गेलं. हा हिशोब त्याने चौदा वर्षांत एकदाही मांडला नव्हता, हे ऑर्विलला दिसलं. तो बस गाठायला निघाला. पुढे लायलची ॲरिझोनाहून नाताळची कार्डं येत राहिली. इर्मा ती न फोडता चुलीत टाकायची.

एक काम उरलं होतं. डेलफिनाची मुलगी लोरेन गावात पेस्टीचं दुकान चालवायची. कॉर्नवॉलहून आलेल्या कॉर्निश लोकांचा हा पदार्थ, मांस आणि बटाटा भरलेला, आणि गावात तो सगळ्यांत चांगला बनवायची एक इटालियन बाई. कॉर्निश मंडळी खाली मान घालून खायची. ऑर्विल दुपारी गर्दी ओसरल्यावर गेला आणि नाणं काउंटरवर ठेवून उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लायलचं नाव घेतलं. स्वतःचंही.

लोरेन पिठाचे हात पुसत ऐकत होती.

"म्हणजे पणजोबांची मजुरी खरी होती."

"हो."

"आणि पप्पांनी रेनोहून आणलं नव्हतं."

"नाही."

"आईने त्यांचा फोटो पाच वर्षं पालथा करून ठेवला होता, मिस्टर पेनबर्थी. गेली तेव्हाही तो पालथाच होता." ती हे चढ्या आवाजात बोलली नाही. "ती म्हणायची, पेनबर्थी पाणी थेंबापर्यंत मोजतो, पण माणसं त्याला मोजता येत नाहीत. मला वाटायचं, म्हातारी उगाच बोलते."

ऑर्विलने काउंटरवरचं नाणं तिच्याकडे सरकवलं.

"तुमच्या त्या औषधवाल्याला चौपट मिळाले?"

"हो."

"याचे किती येतील?"

"घाव घातलेल्याचे? फारसे नाहीत. पण मिस कॉर्बेट म्हणते, एखादं संग्रहालय..."

"नको." लोरेन आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. तोच डबा. ऑर्विलने तो लगेच ओळखला. तिने नाणं उचललं, चार बोटांत, सगळ्या बाजूंनी धरून, आणि त्याचा हात नकळत पुढे झाला, कडेला धर म्हणून सांगायला. मग त्याने तो मागे घेतला. नाणं बटणांत पडलं. तिने डबा एकदा हलवला आणि झाकण दाबून बसवलं.

"यात होतं तोवर सुखरूप होतं," ती म्हणाली.

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. जिंदगीभर ज्या एका नाण्यामागे होता ते त्याचं आता नव्हतं. खरं पाहता कधीच नव्हतं; त्याच्याकडे होतं तेवढे दिवस ते खोटं होतं.

"कधीतरी बघायला आलो तर चालेल?"

लोरेनने डबा फळीवर ठेवला, पिठाच्या पोत्यांच्या वर, आणि ओट्याकडे वळली. "कोटाचं बटण तुटलं की या," ती म्हणाली.

ऑर्विलने खाली पाहिलं. सगळी बटणं जागच्या जागी होती. मधलं, जरा वेगळ्या रंगाचं, डेलफिनाने लावलेलं, सगळ्यांत घट्ट.